दहा पाट

"एक तरी भोक दाखवा, बुवा. दाखवाच!"

सुधन्वाची छाती अशी फुगलेली, की सदऱ्याची गुंडी रडकुंडीला आली होती. मठाच्या धर्मार्थ दवाखान्यात येणाऱ्या चार हजार माणसांची दुखणी ज्या सर्व्हरात साठवलेली, तो त्यानं महिनाभर खपून कडेकोट केला होता. नको ती दारं बंद. पासवर्ड हातभर लांब. आज दाजीबुवांनी 'पास' म्हटलं की सर्व्हर त्याच्या हवाली, आणि भांडी घासण्यातून कायमची सुटका.

बुवांना त्यातलं ओ का ठो कळत नव्हतं. त्यांनी तपकीर ओढली. शिंकले.

"आत जायची मुभा कुणाकुणाला?"

सुधन्वानं यादी छापून दिली. दहा नावं.

बुवांनी ती आचाऱ्याच्या हातात ठेवली. "आज याबरहुकूम वाढ."

दुपारी दहा पाट, दहा ताटं. बसले सात जण. आणि मठाची रीत अशी, की वाढलेल्या ताटाचा धनी आल्याशिवाय कुणी घास उचलायचा नाही.

भात निवला. पोटात कावळे कोकलायला लागले.

"हे कुणाचं?" सुधन्वा कावला.

"गणपतदादांचं."

"बुवा, दादा जाऊन तीन वर्षं झाली!"

"तुझ्या यादीत ठणठणीत आहेत."

"...आणि ते?"

"नर्सबाईंचं."

"त्या लग्न होऊन सांगलीला गेल्या की!"

"बरं. मग हा 'टेस्ट' कोण गृहस्थ? हाक मार त्याला."

सुधन्वाचं तोंड एवढंसं झालं. "तो... मीच केला होता. पहिल्या दिवशी. चालतंय का बघायला."

"पासवर्ड?"

"...टेस्ट."

पंगत खो खो हसली. तेवढ्यात खिडकीतून बोका उतरला, कुणाला न विचारता 'टेस्ट'च्या पाटावर बसला आणि तूपभातात तोंड घातलं.

"हट्!"

"त्याच्यावर कशाला खेकसतोस? जा, आधी त्या तिघांना उठव."

सुधन्वा पळाला. तिन्ही नावं पुसून धापा टाकत परतला. तेव्हा कुठं बुवांनी पहिला घास घेतला.

जेवणं उरकली. सुधन्वा हळूच सरकत जवळ आला.

"आता तरी पास ना, बुवा?"

बुवांनी ताटांच्या चळतीकडे बोट केलं.

"दहा आहेत. बोक्याचं दोनदा घास."