मापाचा दोरा

डोंगराच्या पायथ्याशी एक मोठे तळे होते. त्या तळ्याच्या बांधावर एक झोपडी होती आणि झोपडीत नेमाजी नावाचा पाटकरी राहत असे. सकाळी तळ्याचे दार उघडून शेतांकडे पाणी सोडावे, सायंकाळी ते बंद करावे, आणि पाणी किती बोटे उतरले हे दगडी खांबावर पाहून ठेवावे, एवढेच त्याचे काम. ते त्याने कधी चुकवले नाही. मात्र गाव तेथून दोन कोस दूर होते. त्याचे आईवडील लहानपणीच गेले होते, भावंड नव्हते. खांब पाहून झाला की नेमाजी मोठ्याने म्हणे, "आज दोन बोटे उतरले." ते ऐकायला कोणी नसे. तरीही तो दररोज म्हणे.

गावात कोंडाजी नावाचा दोर वळणारा होता. अंबाडी भिजत घालण्यासाठी तो दरवर्षी बांधाखालच्या डबक्यावर येई. मुलगा नीटनेटका आहे, कामाला चोख आहे, हे त्याने चार वर्षे पाहिले आणि आपली मुलगी सगुणा नेमाजीला द्यायचे ठरवले.

साखरपुड्यात मुलाने मुलीच्या बोटात अंगठी घालावी, आणि त्या बोटाचे माप मुलाकडच्या बायकांनी आधी दोऱ्याने घेऊन जावे, अशी त्या भागातील रीत होती. नेमाजीकडे बायका नव्हत्या. कोंडाजीच्या घरी बोलणी चालली असता माप कोण घेणार, असा प्रश्न निघाला तेव्हा तो मान खाली घालून बसला. मग सगुणेनेच आतल्या खोलीत आपल्या अनामिकेभोवती अंबाडीचा बारीक दोरा गुंडाळला, त्याला गाठ मारली, आणि बाहेर येऊन तो इवलासा वेढा त्याच्या हातावर ठेवला.

"तळ्यावर बोलायला कोण असते?" तिने विचारले.

"पाणी असते."

"ते उलट बोलते का?"

"अजून तरी नाही," नेमाजी म्हणाला.

"मग मी आल्यावर तुम्हांला जरा जड जाईल," असे म्हणून सगुणा आत निघून गेली.

नेमाजी वाटभर हसत गेला. झोपडीत पोहोचल्यावर त्याने आईची जुनी पितळी थाळी खाली काढली, चिंच लावून लख्ख घासली आणि फळीवर आपल्या थाळीशेजारी ठेवली. मापाचा दोरा त्याने एका लहानशा डबीत जपून ठेवला.

वर्षातून एकदाच, दसऱ्याच्या सुमारास, तळ्याचे दार काही दिवस बंद असे. तेवढ्या अवधीतच त्याला पेठेत जाता येई. तो दसरा आला. नेमाजी आपली शिल्लक कमरेला बांधून माणकशेट सोनाराच्या दुकानी गेला. शेटने त्याची ऐपत ओळखली आणि एक साधी, बारीक सोन्याची अंगठी त्याच्यापुढे ठेवली. तिच्यावर खडा नव्हता की नक्षी नव्हती, पण सोने चोख होते. नेमाजीने डबीतला दोरा तिच्यावर धरून पाहिला. माप बरोबर होते. त्याला अंगठी आवडली.

शेजारी एक सावकारीण पाटल्या पाहत बसली होती. तिने मान वळवून अंगठीकडे पाहिले आणि म्हणाली, "काय हो शेट, ही अंगठी म्हणायची की बोटाला गुंडाळलेला दोरा?"

दुकानातली चार माणसे हसली. हसणे तेवढ्यापुरतेच होते. दुकानाची पायरी उतरेपर्यंत ती बाई आपले वाक्य विसरलीही असेल. नेमाजी मात्र ते विसरला नाही. आपल्यामागे उभे राहायला कोणी नाही. उद्या साखरपुड्यात हीच अंगठी बायकांच्या हातून फिरली आणि हेच वाक्य पुन्हा निघाले, तर आपल्या बाजूने कोण बोलणार, असे त्याला वाटले. त्याने अंगठी परत केली.

"पुढच्या दसऱ्याला येतो," तो म्हणाला. "माणिक बसवलेली एखादी करून ठेवा."

माणकशेटने अंगठी पुसून ठेवली. "ठेवतो. सोन्याला थांबायला काही लागत नाही. माणसांचे मी सांगू शकत नाही."

परतताना नेमाजी कोंडाजीच्या घरी गेला आणि साखरपुडा एक वर्ष पुढे ढकलावा, असे त्याने सांगितले.

"आम्ही अंगठी मागितली कुठे?" कोंडाजी म्हणाला. "साखर आण, नारळ आण. दोन्ही जमत नसेल तर नुसता ये."

"चार लोकांत माझे हसे व्हायला नको, काका."

"त्या चार लोकांना मी ओळखतो. त्यांचे लक्ष जेवणावर असते."

पण नेमाजीने ऐकले नाही. सगुणा दाराआड उभी होती.

साखरपुडा होईपर्यंत मुलाने मुलीच्या घरी वरचेवर जाणे तेथे शोभत नसे. म्हणून नेमाजी तळ्यावरच राहिला. तो एक वेळ जेवू लागला. जुनेच धोतर त्याने तिसऱ्यांदा शिवले. खांब पाहून "आज तीन बोटे उतरले" असे तो म्हणे, आणि मग क्षणभर थांबे, जणू आता कोणी उत्तर देणार आहे. महिन्यातून एकदा तो दुसरी थाळी खाली काढून घाशी आणि पुन्हा फळीवर ठेवी.

दुसऱ्या दसऱ्याला त्याच्याजवळ माणकाच्या अंगठीपुरते पैसे होते. परंतु शेजारच्याच डब्यात तिच्याहून मोठ्या माणकाची एक अंगठी होती, आणि तिच्यापुढे ही फिकी दिसू लागली. तो तसाच परतला. तिसऱ्या वर्षी माणकाभोवती मोती हवेत असे त्याला वाटले. चौथ्या वर्षी मोती बारीक वाटले. त्याची शिल्लक वाढे, आणि त्याची नजर तिच्यापुढे दोन पावले चाले. दर वर्षी तो कोंडाजीकडे निरोप धाडी, "आता एकच दसरा." पहिल्या दोन निरोपांना उत्तर आले. पुढे उत्तर येणे बंद झाले, आणि त्यात काही वावगे आहे असे नेमाजीला वाटले नाही.

पाचव्या दसऱ्याला त्याने अंगठी घेतली. मधोमध टपोरे माणिक होते आणि भोवती आठ मोती होते. माणकशेटने दोरा हातात घेतला. तो आता काळपट पडला होता.

"माप ताजे आहे ना?"

"तेच आहे," नेमाजी अभिमानाने म्हणाला. "पाच वर्षे जिवापाड जपले आहे."

शेटने त्याच्याकडे एकवार पाहिले आणि अंगठी त्या मापाची करून दिली.

नेमाजी भर दुपारी कोंडाजीच्या अंगणात पोहोचला. कोंडाजी भिंतीला टेकून बसला होता. त्याच्या हातांतली शक्ती गेली होती. दोर आता सगुणा वळत असे. हरबा नावाचा गाडीवान बैलांसाठी कासरे न्यायला आला होता. तो ओळखीचे हसला आणि बाजूला सरून बसला.

नेमाजीने डबी उघडली. अंगणात लाल उजेड पडावा तसे ते माणिक चमकले. सगुणेने पदराला हात पुसले आणि बोट पुढे केले. अंगठी पहिल्या पेरावरून गेली आणि सांध्याशी अडकली. सगुणेने बोटाला तेल लावले. तरीही ती पुढे सरकली नाही.

"माप तर हेच होते," नेमाजी म्हणाला आणि त्याने तो जुना दोरा दाखवला.

सगुणेने दोरा ओळखला. "माप माझेच आहे. पण त्यानंतर मी पाच वर्षे दोर वळले."

नेमाजीने तिच्या हातांकडे तेव्हा प्रथमच नीट पाहिले. बोटांचे सांधे जाड झाले होते आणि तळव्यांना घट्टे पडले होते. त्याला वाईट वाटले. परंतु त्याहूनही अधिक वाईट वाटले ते अंगठीचे.

"आठ दिवसांत वाढवून आणतो," तो म्हणाला.

"अंगठी राहू द्या," सगुणा म्हणाली. "भाकरी झाली आहे. बसा."

"बस रे," कोंडाजीही म्हणाला. "साखर घरात आहे. चार माणसे आत्ता बोलावतो. तासाभराचे काम."

ते खरोखर तासाभराचेच काम होते. नेमाजीला भूकही लागली होती, आणि आतून भाकरीचा वास येत होता. पण हात रिकामा ठेवून साखरपुडा कसा करावा, हे त्याच्या मनाला पटेना. पाच वर्षे ज्यासाठी काढली, ते ऐन वेळी डबीत ठेवायचे?

"आठच दिवस," असे म्हणून तो उठला आणि झपाझप चालू लागला. मागून कोणीतरी हाक मारल्यासारखे त्याला वाटले. परंतु पेठ बंद होण्यापूर्वी पोहोचायचे होते, म्हणून त्याने मागे वळून पाहिले नाही.

माणकशेटने अंगठी परत घेतली आणि हात पुढे केला. "नवे माप?"

नवे माप घेण्याचे नेमाजीला सुचलेच नव्हते. तो म्हणाला, "अंदाजाने वाढवा."

मोती काढून पुन्हा बसवायचे होते. आठ दिवसांचे पंधरा झाले. तोवर तळ्याचे दार उघडण्याचे दिवस आले आणि नेमाजीला पेठेत जाता येईना. अखेर शेटने माणसाबरोबर अंगठी तळ्यावर धाडली. ती घेऊन तो पुन्हा कोंडाजीच्या अंगणात आला, तेव्हा दीड महिना उलटला होता. अंगणात दोर नव्हते. दारावर आंब्याच्या पानांचे सुकलेले तोरण होते. कोंडाजी एकटाच बसला होता.

"सगुणा?" नेमाजीने विचारले.

"हरबाच्या घरी आहे. गेल्या सोमवारी लग्न झाले." कोंडाजीचा आवाज रागाचा नव्हता, थकलेला होता. "कासरे न्यायला म्हणून तो दोन वर्षे येतच होता. इतके कासरे कुठल्या बैलांना लागतात, हे मला आधीच कळायला हवे होते. तुझे आठ दिवस झाले, वीस झाले. मग त्याने विचारले. ती हो म्हणाली."

नेमाजीच्या तोंडून निघाले, "अंगठी कोणती घातली?"

कोंडाजीने त्याच्याकडे आश्चर्याने पाहिले. "अंगठीचे कोणी काढलेच नाही."

नेमाजी जाण्यास वळला, तेव्हा कोंडाजीने कनवटीतून काहीतरी काढून त्याच्या हातावर ठेवले. अंबाडीच्या दोऱ्याचा एक वेढा होता तो. गाठ अजून नवी होती.

"त्या दिवशी तू माप न घेताच निघालास. तिच्या ते ध्यानात आले. दोरा बांधून ती वेशीपर्यंत तुझ्यामागे धावली. हाका मारल्या. तू वळला नाहीस. घरी येऊन तिने हा माझ्याजवळ दिला, आणि म्हणाली, आले तर द्या."

नेमाजी तळ्यावर परतला. बांधावर बसून त्याने दोन्ही दोरे शेजारी शेजारी ठेवले. एक काळपट होता, एक पिवळा होता. दोहोंच्या मापांत एका गव्हाच्या दाण्याएवढे अंतर होते. पाच वर्षे त्या अंतरात मावली होती. नव्या दोऱ्यावर त्याने अंगठी धरून पाहिली. अंदाजाने वाढवलेली ती अंगठी आता त्या मापाला नेमकी बसत होती.

सूर्य मावळतीला आला. नेमाजीने उठून दार बंद केले आणि खांबाकडे पाहिले. "आज दोन बोटे उतरले," तो म्हणाला. सवयीने तो थोडा थांबला. मग झोपडीत जाऊन त्याने फळीवरून एकच थाळी खाली काढली.

तात्पर्य: लोकांच्या नजरेत भरावी म्हणून जी भेट आपण लांबवत राहतो, ती तयार होईपर्यंत घेणारा हात आपल्यासाठी पुढे राहिलेला नसतो. जवळ जेवढे असेल तेवढे घेऊन वेळेवर जावे, आणि कोणी बसा म्हटले तर बसावे.