पगडीचं स्टूल

"मग बसता कशावर?" केरोबुवांनी विचारलं.

उन्मेष थांबला. इतका वेळ तो सागवानाबद्दल बोलत होता, शिसवाबद्दल बोलत होता, जुन्या कोरीवकामाबद्दल बोलत होता. बसण्याचा विषय कुठे निघालाच नव्हता.

"तसं अजून... काही घेतलं नाही, बुवा. मनासारखी वस्तू मिळेपर्यंत घाई करायची नाही, असं ठरवलंय आम्ही."

'आम्ही' हा शब्द ऐकून मागे उभ्या असलेल्या शाल्मलीने पदराचं टोक उगाच नीट केलं.

"लग्न होऊन किती महिने झाले?"

"वैशाखात झालं."

बुवा बोटांवर महिने मोजू लागले, आणि मध्येच त्यांनी ते सोडून दिलं.

उन्मेष लोकांची घरं आतून सजवून द्यायचा. कुणाच्या दिवाणखान्यात काय शोभेल, हे त्याला दारातूनच कळायचं. स्वतःच्या घराचं मात्र त्याला काही कळेना. जे दिसे त्यात खोट निघे. कोल्हापुरातल्या प्रत्येक जुन्या सामानवाल्याला त्याचं नाव पाठ झालं होतं. घरात एक चटई होती, दोन बॅगा होत्या. शेजारच्या काकूंनी प्लॅस्टिकची एक खुर्ची आणून दिली, ती त्याने तोंडभर आभार मानून संध्याकाळी परत नेऊन ठेवली.

शाल्मलीची त्याबद्दल तक्रार नव्हती. चटईवर तिचं छान चालायचं. पण दिवाळीनंतर तिचे बाबा आले होते. बाबा एसटीत कंडक्टर होते, गारगोटी डेपोला. निवृत्त झाले ते दुखरे गुडघे घेऊनच. चटईवर त्यांना बसता येईना. त्यांनी खिडकीला टेकून चहा घेतला आणि बशी स्वतःच आत नेऊन ठेवली.

"अगं, जन्मभर उभ्यानंच तिकिटं फाडली," ते हसत म्हणाले होते. "मला काय नवीन आहे?"

आणि चहा संपल्यावर ते निघालेच. लेकीच्या घरी ते पहिल्यांदाच आले होते.

तेव्हापासून तिच्या मनात एवढं एकच होतं. पुढच्या वेळी बाबांनी टेकायला हवं.

काल उन्मेषने दोन स्टुलांवर बोट ठेवलं होतं. दोन्ही जुनी, दोन्ही गादीची. सामानवाले अत्तारभाई वैतागून म्हणाले, "दोन्ही घेऊन जावा साहेब. घरात ठेवून बघा, नको ते परत पाठवा. पण आता दुकानात येऊ नका." म्हणून आज सकाळी टेम्पो केला, आणि कुठलं ठेवायचं ते विचारायला स्टुलं आधी इकडे आणली. गावाबाहेर डोंगराच्या पायथ्याला केरोबुवांचा मठ. लहानपणी आईचं बोट धरून उन्मेष इथे यायचा. आजही कुठलं काम अडलं की त्याची गाडी इकडेच वळायची.

"बस," बुवा म्हणाले, आणि स्वतः उठून बाजूला झाले.

मठाची ही एकच रीत होती. आलेल्याने आधी टेकायचं, मग बोलायचं. आणि टेकायला मठात जागाही एकच, कट्ट्यावरची बुवांची गोणपाटाची गादी. कुणीही आलं की बुवा उठत, त्याला तिथे बसवत. गावातली माणसं बिनघोर बसत, पोटातलं बोलत, उठून जात.

"छे छे, बुवा! तुमच्या आसनावर मी?" उन्मेषने दोन्ही हात जोडले.

तो लहानपणापासून हेच करत आला होता. तो बसायचा नाही, म्हणून बुवाही बसायचे नाहीत. गुरू उभे, शिष्य उभा. इतक्या वर्षांत दोघांचं जे काही बोलणं झालं, ते बसथांब्यावरच्या माणसांसारखं झालं होतं.

बुवांनी शाल्मलीकडे पाहिलं.

"तू गं, पोरी?"

तिने उन्मेषकडे पाहिलं, मग गादीकडे. टेम्पोत पुढे एकच सीट होती. चालकाशेजारी उन्मेष बसला होता, कारण रस्ता त्याला माहीत होता, आणि ती सगळी वाट मागे स्टुलं धरून आली होती.

ती जाऊन बसली.

उन्मेषचा चेहरा देवघरात चप्पल घालून कुणी शिरल्यासारखा झाला.

"हां..." बुवा म्हणाले. "आता बोल."

"रविवारी बाबा येणारेत," शाल्मली म्हणाली.

एवढंच. बुवांनी मान हलवली.

"आणा तुमची ती स्टुलं. बघू तरी."

टेम्पोवाल्याने दोन्ही स्टुलं अंगणात आणून ठेवली आणि तो बिडी ओढायला फाटकाबाहेर गेला.

"हे पाहा, बुवा," उन्मेषला उत्साह आला. "शिसवाचे पाय, वाघाच्या पंजासारखे. वर जरीचा किनखाब, अस्सल. एक टाका उसवलेला नाही. एका संस्थानातनं आलंय. आणि गंमत म्हणजे, यावर आजवर कुणी बसलेलं नाही. दरबार उठला की सरकारांची पगडी ठेवायचे यावर."

"पगडी."

"हो."

"मग पगडी बसत होती म्हण की."

शाल्मलीने हसू गालात दाबलं. उन्मेषने दुसरं स्टूल पुढे ओढलं.

"आणि हे कुठल्याशा जुन्या दवाखान्यातलं. लाकूड चांगलं आहे, पण गादी पाहा. मधोमध खड्डा पडलाय. मखमल विटलीये. इथनं काथ्या डोकावतोय. घ्यायचं तर सगळं उसवून नव्याने भरावं लागेल."

"खड्डा कशानं पडला?"

"माणसं बसून बसून."

"असं..." बुवा त्या खड्ड्यात टेकले आणि त्यांनी पाय सैल सोडले. "तूही बस की. ते तुझं पगडीचं घे."

"मी... यावर?"

"तूच आणलंस. मठात उभ्यानं बोलायचं नाही, रीत आहे. माझ्या आसनाला नाही म्हणतोस, निदान तुझ्या तरी?"

आता नाही म्हणायला कारण उरलं नव्हतं. उन्मेषने खिशातून रुमाल काढला, किनखाबावर पसरला आणि फोटोला बसतात तसा कडेला बसला. लग्नानंतर आपला नवरा चटई सोडून कशावर तरी बसलेला शाल्मली पहिल्यांदाच पाहत होती. बरा दिसत होता.

तेवढ्यात फाटक वाजलं. गावातली म्हातारी चंद्राक्का आत आली. डोक्यावर मेथीची बुट्टी, ओढ्यातून आल्याने लुगडं पोटऱ्यांपर्यंत भिजलेलं, पायांना चिखल. एक पाय ओढत होती.

बुवा उठले. त्याच क्षणी शाल्मलीही उठली. दोन्ही बैठका एकदम रिकाम्या झाल्या.

"अगं बया," चंद्राक्का हसली. "आज एका बुडाला दोन दोन जागा!"

उन्मेषही उठू लागला होता. अर्धा उठला, आणि त्याची नजर तिच्या ओल्या लुगड्याकडे गेली. मग किनखाबाकडे. हात आपोआप रुमालाचं टोक सारखं करायला गेला... आणि तो होता तिथेच राहिला.

ते शाल्मलीने पाहिलं. बुवांनीही पाहिलं असावं. पण ते बुट्टी उतरवून घेण्यात गुंतल्यासारखे दिसले.

"ते काय, देवाचं हाय व्हय?" चंद्राक्काने उन्मेषच्या स्टुलाकडे हनुवटी उडवली.

"नाही, आजी... घरातलं आहे."

"मग आसं अंग चोरून का बसलाईस, लेकरा? चावतंय काय?"

ती खड्ड्याच्या स्टुलावर बसली. नीट बसली. खड्डा जणू तिच्याच मापाने पडला होता. तिथे बसून तिने म्हैस दोन दिवस दूध चोरतेय हे सांगितलं, सून बोलत नाही हे सांगितलं, आणि मग दोघींचं कारण एकच असावं असं तिचं तिनेच ठरवलं. बुवा नुसतं हुं हुं करत होते. शाल्मलीने ओंजळभर मेथी पदरात घेतली, कारण चंद्राक्काने ती तशीच कोंबली.

"कुणाची गं तू?"

"ह्यांची," शाल्मलीने उन्मेषकडे पाहिलं.

"ह्याची व्हय? बसाय शिकव त्येला."

ती हसत हसत, पाय ओढत निघून गेली.

मखमलीवर चिखलाचा एक ओला पट्टा उमटला होता. बुवा उभे होते. शाल्मली उभी होती. साऱ्या मठात एकटा उन्मेष बसलेला होता... जन्मभर इथे हात जोडून उभा राहिलेला.

हे त्याच्या ध्यानात यायला थोडा वेळ लागला. आलं तेव्हा त्याचे कान लाल झाले. तो हळूच उठला. रुमाल उचलला, त्याची घडी केली, पुन्हा मोडली.

मग त्याने त्याच रुमालाने मखमलीवरचा चिखल टिपला. घासला नाही, नुसता टिपला. आणि खड्ड्यावर एकदा हात फिरवून पाहिला.

"उसवावं लागेल," तो स्वतःशीच पुटपुटला. मग म्हणाला, "की... नको?"

शाल्मलीने पदरातली मेथी सावरली. तिला आज सकाळपासून पहिल्यांदाच बरं वाटलं. मेथीचा वास छान येत होता. रविवारी हीच करावी, लसूण घालून. बाबांना आवडते.

"बुवा," उन्मेषने विचारलं, आणि या वेळी हात जोडायचं तो विसरला. "मग कुठलं ठेवू?"

बुवा आपल्या गोणपाटावर जाऊन बसले. दोन्ही स्टुलांकडे त्यांनी पाहिलंदेखील नाही.

"रविवारी हिचे वडील दारात येतील... तेव्हा त्यांच्यासाठी तू कशावरून उठणार, ते बघ. तेच घरी ने."