ठसा पुसलेलं तेल

एका राजाच्या राज्यात एक डोंगर होता, आणि त्या डोंगराला तो राजा नको होता.

डोंगरातल्या माणसांची बोली वेगळी, गाणी वेगळी, लुगडं नेसायची तऱ्हाही वेगळी. पणजोबांच्या वेळेपासून ती म्हणत आली होती, "आमचं आम्हाला राहू द्या." राजा म्हणायचा, "राहा की! पण तेल माझं." कारण डोंगराच्या कातळातून तेल झिरपायचं. काळं, दाट, उग्र वासाचं. राजधानीतले दिवे त्यावर जळायचे आणि राजवाड्यातली झुंबरंही. डोंगर हातचा गेला असता तर राजा चाचपडत जेवला असता.

ते तेल काढायची रीत डोंगरातल्या बायांनाच ठाऊक होती. झऱ्याच्या पाण्यावर तेलाचा थर यायचा. त्यावर लोकरीचं घोंगडं पसरायचं. घोंगडं तेल पितं, पाणी सोडतं. मग दोघींनी दोन टोकं धरून ते पिळायचं आणि खाली चामड्याचा बुधला धरायचा. बुधला भरला की तोंड बांधायचं, आणि पिळणारीनं गेरूत हात बुडवून त्यावर आपला ठसा उठवायचा. म्हणजे तेलात पाणी निघालं तर भांडायला कुणाच्या दारात जायचं ते कळायचं.

गोजराबाई ही तिथली सगळ्यांत थोरली पिळणारी. सगळे तिला अक्का म्हणत. तिची मनगटं बत्त्यासारखी होती आणि जीभ त्याहून जड.

राजाचा आणि डोंगराचा जुना करार होता. तेल राजाच्या वेशीतून जाईल आणि राजाच ते विकेल. बदल्यात राजाच्या कोठारात धान्याची शंभर पोती आली की सतरा डोंगराला मिळतील. कातळावर काही पिकत नाही. तेल पिऊन पोट भरत नाही. म्हणून हा करार.

बरीच वर्षं सुरळीत गेली. मग कुणीतरी राजाच्या कानात फुंकलं, "महाराज, ज्यांना वेगळं व्हायचंय त्यांना आपण जेवू का घालतोय?" राजाला ते पटलं. कानात फुंकलेलं राजांना लवकर पटतं. सतराची दहा झाली, दहाची पाच झाली, आणि एका वर्षी गाड्याच आल्या नाहीत. तेल मात्र हवंच होतं!

डोंगराचा म्होरक्या हैबती नाईक. त्यानं गाव गोळा केला. "बास झालं. पलीकडच्या खिंडीतून तेल समुद्रावर नेऊ. परक्या राजाच्या बंदरात माणेकशेट आहे, तो विकून देईल. त्यावर पोटही भरू आणि आपलं राज्यही उभं करू." लोकांनी पागोटी उडवली. दोन तर झऱ्यात पडली.

राजाला सुगावा लागला. त्यानं बंदरोबंदरी दवंडी पिटवली, "डोंगराचं तेल माझं आहे. जो घेईल तो चोराचा भाऊ!"

हैबतीनं घाईघाईनं बायांना बोलावलं. तो म्हणाला, "बुधल्यांवरचे ठसे पुसा. तेल कुणाचं ते कळायलाच नको."

गोजराबाई म्हणाली, "हैबती, आपल्याच लेकराचं नाव सांगायला लाजणारा बाप मी आज पहिल्यांदा बघितला."

"अक्का, पोटाचा प्रश्न आहे."

पोटाचं नाव निघालं की भल्याभल्या बायका नमतात. तीही नमली. तिनं स्वतःच्या हातानं ठसे धुतले.

माणेकशेटच्या बंदरातून जहाज निघालं. पहिल्या बंदरात व्यापाऱ्यांनी विचारलं, "कुणाचं तेल?"

जहाजाचा तांडेल म्हणाला, "चांगलं तेल आहे."

"ते दिसतंय रे. कुणाचं?"

तांडेल आभाळातले पक्षी मोजायला लागला. व्यापारी म्हणाले, "ज्याचा बाप सांगता येत नाही तो माल चोरीचा. चल, हो पुढं." दुसऱ्या बंदरातही हेच झालं. तिसऱ्यात एकानं पाव भाव सांगितला आणि वर म्हणाला, "चोराला एवढं पुष्कळ." दोन महिने ते जहाज वाट चुकलेल्या वरातीसारखं समुद्रात फिरलं, आणि भरलेलंच परत आलं.

इकडं डोंगरात धान्याच्या कणग्या खरवडून झाल्या होत्या. पावसाळा महिन्यावर आला होता. एकदा लागला की खिंड चार महिने बंद. त्याआधी धान्य वर चढलं नाही तर पोरं उपाशी मरणार, इतकी सरळ गोष्ट होती.

हैबती आणि गोजराबाई बंदरावर उतरले. माणेकशेट पान चघळत बसला होता. म्हणाला, "नाईक, उपाय सोपा आहे. एकच वाक्य बोला. हे तेल आमच्या डोंगराचं नाही, याच बंदराच्या राजाच्या मुलखातलं आहे, असं म्हणा. पुरा भाव देतो. आजच गाड्या भरा."

हैबतीनं तोंड उघडलं. गोजराबाईनं त्याचं मनगट धरलं. नुसतं धरलं, पण धरणारी पिळणारी होती. नाईक गुडघ्यावर आला.

"अक्का, सोड! धान्य मिळतंय!"

"मिळतंय खरं. आज म्हणायचं तेल आमचं नाही, आणि उद्या म्हणायचं डोंगर आमचा आहे. कोण ऐकेल रे तुझं?"

"पोरं उपाशी आहेत वर."

"माझ्या चार नाती आहेत त्यांत. मला शिकवतोस?"

हे बोलताना मनगट तिनं सोडलं नाही. मनातून ती पुरती घाबरली होती. घाबरली होती म्हणूनच भरभर चालायला लागली.

होड्या रंगवणाऱ्याकडून तिनं मूठभर गेरू मागून घेतला. भर बाजारात, टळटळीत उन्हात, जहाजावरून बुधले उतरवून घेतले आणि एकेकावर आपला हात उठवला. मग कमरेवर हात ठेवून ओरडली, "ऐका हो! हे तेल डोंगराचं आहे. आम्ही बायांनी पिळलंय. राजा म्हणतो त्याचं आहे. असेल तर येऊन सांगावं त्यानं. मी इथंच बसलेय!"

बाजार गोळा झाला. कोळणी टोपल्या टाकून पुढं आल्या. राजाचे कारभारी त्याच बंदरात पाळत ठेवून होते. ते रेशमी उपरणं सावरत धावत आले. "चोर! चोर आहे ही बाई! हे महाराजांचं तेल आहे."

"महाराजांचं? बरं. मग हे निघतं कसं ते सांगा."

कारभारी ऐटीत म्हणाले, "त्यात काय? विहीर खणायची, बैल जुंपायचे, मोट लावायची."

आधी कोळणी हसल्या. गोजराबाईनं झोळीतून घोंगडं काढलं, तोंड सोडलेल्या एका बुधल्यात बुडवलं आणि कारभाऱ्यांपुढं धरलं. "घ्या. तुमचंच आहे ना? पिळा."

"मी? मी का पिळू?"

"पिळा, कारभारी, पिळा!" सगळा बाजार ओरडला.

कारभाऱ्यांनी पिळलं. तेल बुधला सोडून सगळीकडं गेलं. कोपरावरून काखेत, उपरण्यावर, धोतरावर. डोळ्यांवर आलेलं पुसायला गेले तर मिशाही माखल्या.

एक कोळीण किंचाळली, "अगं बाई! यांच्या जवळ कुणी चिलीम पेटवू नका गं!"

मग मात्र कारभाऱ्यांचे शिपाईसुद्धा पोट धरून खाली बसले.

गोजराबाई हसली नाही. तिनं पदरानं कारभाऱ्यांचं तोंड पुसलं. "कारभारी, हसून झालं. आता ऐका. सगळंच माझं, राजाचं काही नाही, असं मी म्हणत नाही. शब्द दोघांनी दिला होता. शंभरामागं सतरा पोती द्या, तेल तुमच्या वेशीतून येईल. पोती देणार नसाल तर माझी वाट मी शोधणार, आणि ती लपून शोधणार नाही. राहता राहिलं वेगळं व्हायचं भांडण. ते आहेच. ते भरल्या पोटानं भांडू."

बंदराचे पाच पंच गर्दीत उभे होते. ते आपसांत कुजबुजले. थोरला म्हणाला, "मालावर नाव आहे. भांडणही उघड्यावर आहे. आता याला चोरीचं कसं म्हणायचं? विका. आधी डोंगराचं धान्य भरा. उरेल ते आमच्याजवळ राहील. राजा आणि डोंगर एका घोंगडीवर बसले की त्यांचं त्यांनी वाटून घ्यावं."

माणेकशेट सगळ्यांत पुढं धावला. "पुरा भाव माझा! मी तर पहिल्यापासून हेच म्हणत होतो."

गोजराबाई म्हणाली, "शेटजी, पान थुंका आधी. खोटं बोलताना ठसका लागेल."

कारभारी तसेच तेलकट अंगानं राजधानीत पोचले. त्यांना बघून राजा इतका हसला की त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. हसणं ओसरलं तेव्हा त्यानं वर बघितलं. निम्मी झुंबरं विझलेली होती. जो लपून पळतो त्याच्यामागं शिपाई धाडता येतात, पण जी बाई बाजारात बसून हाका मारते तिच्याशी बोलावंच लागतं, हे त्याच्या ध्यानात आलं. त्यानं जुन्या करारानं शंभरामागं सतरा पोती भरायला सांगितली आणि बोलणी करायला माणसं धाडली.

डोंगर वेगळा झाला का? नाही झाला. अजून बोलणी चालू आहेत. दर बैठकीत आरडाओरडा होतो, आणि जेवणाची वेळ झाली की दोन्हीकडचे एका पंगतीला बसतात.

त्या वर्षी पावसाच्या आठ दिवस आधी गाड्या खिंडीत आल्या. बंदराच्या गाड्या पुढं, राजाच्या मागं. वरून बाया धावत आल्या. कुणी ढोल आणला, कुणी थाळ्याच बडवल्या. म्हाताऱ्यांनी फेर धरला. बैल बिचकले, गाडीवानही बिचकले, आणि मग तेही नाचायला लागले.

हैबती नाईक खाली मान घालून गोजराबाईसमोर उभा राहिला. "अक्का, चुकलं माझं. चार लोकांत माफी मागतो..."

"माफी मागशील सावकाश. आधी पोतं उचल. वर चुली पेटवून बसल्यात सगळ्या."

नाईकानं पाठ वाकवली. गोजराबाईनं त्याच्या पाठीवर एक पोतं ठेवलं, जरा विचार केला, आणि वर आणखी एक ठेवलं.

तात्पर्य: हक्काची वस्तू लपूनछपून विकली की तीही चोरीची ठरते. हक्क असेल तर तो आपल्या नावानं, चार लोकांत, भर उजेडात सांगावा. आणि भांडण असेल तर तेही तिथंच भांडावं.