मुखपृष्ठावरचं जळतं घर

एका नदीकाठच्या गावात एक कलिंगडवाली राहत होती. नदीच्या वाळूत वेल लावायचे आणि बाजाराच्या दिवशी फळं विकायची, हा तिचा धंदा. कलिंगडावर बोटानं टकटक केली, की आत लाल आहे का पांढरं, हे ती न कापता सांगे, आणि कधी चुकत नसे. गावाला याचं इतकं कौतुक, की लोक तिला बैल दाखवायला आणत, आणि पुढे पुढे होणारे जावईसुद्धा. जावयांना टकटक करता येत नसे, पण ती नुसत्या नजरेनं सांगे आणि लोक माना डोलवत. हळूहळू तिलाही वाटू लागलं, की जगातलं सगळंच बाहेरून कळतं.

तिला एकच मुलगी होती, सोळाएक वर्षांची. नवरा केव्हाच वारला होता. त्यामुळे मुलगी जरा नजरेआड झाली, की बाई तिला हाका मारू लागे.

एकदा बाजारात पलीकडच्या गावचा पुस्तकवाला आला. मुलीनं दोन कलिंगडं देऊन त्याच्याकडून एक जाडजूड कादंबरी घेतली. तरुण मुलांसाठी लिहिलेली, जादूची आणि राक्षसांची. वेलींना पाणी घालतानाही तिचं एक बोट पुस्तकात असे.

आईनं ते पुस्तक पाहिलं आणि ती घाबरली. मुखपृष्ठावर काळ्या पंखांची एक मुलगी होती, हातात तलवार, आणि मागे एक घर धडधडा जळत होतं. पाठीमागच्या बाजूला छापलं होतं, ‘जळतं घर आणि एकटी निघालेली मुलगी. आता तिला कोण अडवणार?’ बाईला वाचायला चांगलं येत होतं, पण आत डोकावायची तिला गरजच वाटली नाही. ही कार्टी घर जाळून पळणार आणि माझ्या पोरीलाही तेच शिकवणार, असं तिनं ठरवून टाकलं.

मुलगी पाणी आणायला गेली, तेवढ्यात तिनं पुस्तक कलिंगडांखालच्या पेंढ्यात दडवलं. मुलीनं विचारल्यावर तिनं खुशाल सांगितलं, की ज्याचं त्याला परत देऊन टाकलं. मुलगी घागर ठेवून चुलीकडे वळली. भांडली असती तर बरं झालं असतं, असं आईला मागाहून वाटलं.

दुसऱ्या दिवशी बाई वेलींकडून परतली, तेव्हा घर रिकामं होतं. शेजारीण म्हणाली, की पोर दुपारीच नदी ओलांडून पुस्तकवाल्याकडे गेली, लगेच येते म्हणाली. आता दिवस कलत आला होता आणि नदीवर धुकं उतरत होतं.

नदीला पाणी गुडघाभरच. पण उताराच्या, म्हणजे नदी ओलांडायच्या वाटेच्या, दोन्ही बाजूंना अशी वाळू होती, की उभं जनावर आत जाई. एरवी उताराची वाट दिसे, धुक्यात स्वतःचा हात दिसेना. गावकरी काठावर जमून हाका मारू लागले, पण धुक्यात हाक कुठून येते तेच कळत नाही. पोर आवाजाच्या मागे भलतीकडे जाईल, या भीतीनं एका म्हाताऱ्यानं सगळ्यांना गप्प केलं. ती शांतता बाईला सोसवेना.

ती घरात आली. काय करावं सुचेना. पोरीचं काहीतरी हाताशी असावं म्हणून तिनं पेंढ्यातून पुस्तक काढलं. मुलीनं खुणेला वेलीचं वाळकं पान ठेवलं होतं. तिथून ती वाचू लागली.

काळ्या पंखांची मुलगी आजारी आईसाठी औषध घेऊन परत निघाली होती. पंख भिजले होते, धुकं दाटलं होतं, घर सापडत नव्हतं. बाई दिव्याजवळ सरकली. तिनं पान उलटलं. पुस्तकातली आई अंथरुणातून उठली, आणि लेकीला वाट दिसावी म्हणून तिनं आपलंच छप्पर पेटवलं.

बाईनं ते मुखपृष्ठ पुन्हा एकदा पाहिलं. मग ती धावत बाहेर आली आणि आपल्या छपरावर चढली. छपराचं वाळलेलं गवत उपसून तिनं उताराच्या तोंडाशी टाकलं आणि पेटवलं. जाळ खाली बसला, की ती आणखी गवत आणी. छप्पर निम्मं उघडं पडलं, मग सगळंच. तरी पलीकडून कोणी येईना. बाईला रडू आवरेना, पण तिचे हात थांबले नाहीत.

शेवटी पाण्यात पावलं वाजली. मुलगी जाळाच्या रोखानं सरळ चालत आली, कमरेपर्यंत वाळूनं माखलेली. एकदा पाय रुतला होता, तेवढ्यात तिला उजेड दिसला होता.

“आये, त्याच्याकडे पुस्तक नाहीच,” ती धापा टाकत म्हणाली.

“माझ्यापाशी आहे,” आई म्हणाली. “मी खोटं बोलले, बाळा. न वाचताच घाबरले. आत्ता तुझ्या खुणेपासून थोडं वाचलं.”

मुलगी आईला बिलगून खूप रडली. मग डोळे पुसून तिनं विचारलं, “ती पंखवाली पोचते का गं घरी?”

आईनं घराकडे पाहिलं. तिथे आता नुसते वासे उरले होते. “पोचते,” ती म्हणाली. “पण तू मला पहिल्यापासून वाचून दाखव.”

पुढे कोणी जावई दाखवायला आणला, की ती त्याला आधी आत बसवी आणि बोलतं करी.

तात्पर्य: कलिंगड वाजवून घ्यावं, पुस्तक मात्र वाचूनच पारखावं.