भैरूचा खताचा खड्डा

एका गावात भैरू नावाचा एक भोळा गडी होता. भोळा आपलं म्हणायचं. होता ठार मठ्ठ.

घरातलं खरकटं, साली, देठं तो दारातच फेकायचा. माश्या घोंगावायच्या. नाक धरून घरात शिरावं लागायचं. शेवटी सासऱ्यानं निरोप धाडला, "पुनवेला येतोय. जावयाला अक्कल आली नसंल तर लेकीला घेऊन जाणार."

भैरूची बायको कोंडाबाई कामाला लागली. माहेरी वहिनीच्या हाताखाली राबायचं तिच्या जिवावर आलं होतं. तिनं परसात खड्डा खणला. म्हणाली, "अवं, ओलं असंल ते यात टाका. झकास खत हुईल."

"असं होय! कळलं."

दोरीवर तिचं लुगडं वाळत होतं. भैरूनं चाचपलं. ओलं. टाकलं खड्ड्यात.

"अवं, ओलं म्हंजे खाण्यातलं!"

"असं होय! आता कळलं."

चुलीपाशी भाकऱ्यांची चळत होती. खाण्यातलीच. गेली खड्ड्यात.

"अवं, ताजं कुणी टाकतं का? आंबलेलं टाका!"

"असं होय! आता कळलं."

शिंक्यावर दह्याचं गाडगं होतं. भैरूनं बोट बुडवून चाटलं. आंबट. ओतलं खड्ड्यात. गाडगंही टाकलं, तेही आंबूसच होतं.

कोंडाबाईनं कपाळ बडवलं. "घरातल्या कशाला म्हणून हात लावू नका! खरकटं मी टाकीन. तुम्ही फकस्त अंगणात पिकलं पान दिसलं की उचला, खड्ड्यात घाला, वर माती लोटा."

"असं होय! आता कळलं."

आणि खरंच कळलं. दारात फणस होता. पान पडलं की भैरू धावलाच. खरकट्यावर पाला, पाल्यावर माती. वास गेला, माश्या गेल्या. कोंडाबाईचा जीव भांड्यात पडला.

पुनवेला सासरा आला. अंगण बघितलं, खड्डा बघितला. खूश झाला. अंगणातल्या बाजेवर आडवा होत म्हणाला, "जावईबापू, शहाणे झालात की! पोरीची काळजी मिटली. आता आमचं काय, आम्ही पिकलं पान."

भैरू ताडकन उठला. "तुम्ही?"

"मग काय! पार पिकलेलं."

कोंडाबाई आत पुरण वाटत होती. बोंब ऐकून परसात धावली. बघते तर बाप कमरेइतका खड्ड्यात, आणि भैरू फावड्यानं माती लोटतोय.

"सोड मला, गाढवा!" सासरा ओरडत होता. "आत्ताच्या आत्ता पोरीला घेऊन जातो!"

भैरूनं फावडं टेकवलं. समजुतीच्या सुरात म्हणाला,

"न्या की, मामा. पण आधी खत तर व्हा."