भुजंगराजा राक्षस होतो

"पोथीतला शब्द इकडचा तिकडे करायचा नाही, आणि तरी मला थक्क करायचं! उद्या दुपारी!" भुजंगराजानं फर्मावलं आणि पोथी नामा गोंधळ्याच्या मांडीवर टाकली. "नाही जमलं, तर संबळ उचलायचा आणि बायकोपोरीसकट सरहद्दीपार व्हायचं!"

राजाला मुलूखपटाचं वेड होतं. खेळ असा, की कुठेच नसलेल्या एका मुलखाचा रंगवलेला नकाशा अंथरायचा. एकानं सूत्रधार होऊन मोहिमेची पोथी वाचायची : इथे गुहा, इथे राक्षस, इथे खजिना. बाकीच्यांनी वीर व्हायचं, "मी तलवार उपसतो!" असं बसल्या जागी म्हणायचं आणि फासे टाकायचे. वार बसला की हुकला, ते फासे सांगणार. या पोथ्या परदेशी व्यापारी तयार आणून विकत. राजा मोठा उतावळा! पोथी हातात पडली, की खेळाआधीच पाठ करून टाकी आणि मग खेळताना जांभया देई. दोष अर्थातच सूत्रधाराचा, म्हणजे नामाचा.

नामा घरी आला तो पडेल चेहऱ्यानं. बायकोनं ऐकलं आणि मुकाट्यानं भांडी बांधायला घेतली. मुलगी ठकू मात्र शेंगा सोलत राहिली. खेळाच्या वेळी बापामागे बसून तीच तुणतुणं वाजवायची. तुणतुण्याला लक्ष लागत नाही, त्यामुळे तिचं सगळं लक्ष वीर होऊन बसलेल्या दरबाऱ्यांकडे असे.

"बा, पोथी महाराजांना पाठ हाय," ती म्हणाली. "परधानजी आन् सेनापती पाठ हायेत का?"

"म्हंजे?"

"म्हंजे आयेला सांग, भांडी सोड. उद्या पटावर मी बसते."

नामानं पोथी तिच्यापुढे सरकवली.

दुसऱ्या दिवशी पोरगी सूत्रधाराच्या गादीवर बसलेली पाहून प्रधानजींनी नाक मुरडलं. ठकूनं हात जोडले. "महाराज, पटाचा कायदा काय?"

"पटावर सूत्रधाराचा शब्द शेवटचा. तिथे मीसुद्धा राजा नव्हे."

"मग ऐकावं. काळ्या गुहेची मोहीम! गुहेत भुकेला राक्षस. पायथ्याला गाव. रातच्याला राक्षस गाव खाणार. तवर वीर गुहेपाशी येतात." तिनं पोथी मिटली. "राक्षस महाराजांनी व्हावं."

"मी? मी नेहमी वीर असतो! सर्वांत पुढचा!"

"तसं पोथीत लिवलंय का, महाराज?"

राजानं मनातल्या मनात पोथी पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हणून पाहिली. तसं कुठेच नव्हतं.

"बरं," तो म्हणाला. "झालो राक्षस. या आता! डावीकडच्या भुयारातून याल, ते ठाऊक आहे मला."

वाट पाहता पाहता राक्षसाला जांभई आली. भुयारातून कोणी येईना.

"सेनापती," ठकूनं विचारलं, "तुमचा वीर काय करतो?"

सेनापतींनी सवयीनं राजाकडे पाहिलं. पण पुढे जाणारा वीर आज तिथे नव्हता. तिथे राक्षस बसला होता. त्यांनी मिशीवरून हात फिरवला. "माझा वीर... घोड्याला पाणी पाजतो."

"मग?"

"मग दुसऱ्या घोड्याला पाजतो."

प्रधानजी जास्त हुशार. त्यांचा वीर थेट गुहेच्या तोंडाशी गेला आणि वाकून मुजरा करून म्हणाला, "राक्षस महाराजांचा विजय असो! गाव आपलंच समजावं. सावकाश जेवावं. आम्हाला तेवढी जायची परवानगी असावी."

"अहो, काय बोलता!" राक्षस ओरडला. "गावात माणसं आहेत!"

"म्हणूनच तर म्हटलं, सावकाश."

"सेनापती! तलवार काढा! गाव वाचवा!"

"गावाचं काय एवढं, सरकार," सेनापती म्हणाले. "दुसरं वसवता येतं."

राक्षस पटावर गुडघे टेकून वीरांना विनवू लागला, की बाबांनो, आत या, मला मारा, पण गाव वाचवा! वीरांनी घोडे वळवले. फासे कुणी हातातही घेतले नव्हते.

राजा लालबुंद झाला. "इतकी वर्षं गुहांमध्ये घुसत होतात, ते काय होतं?"

"तेव्हा पुढे सरकार असायचे," सेनापती खाली मान घालून म्हणाले.

ठकूनं विचारलं, "महाराज, पोथीतला शब्द बदलला का?"

"नाही."

"मग थक्क झालात का?"

कोपऱ्यात नामानं डोळे मिटून घेतले. हट्टी राजा कधी हरल्याचं कबूल करतो का? भुजंगराजानं मान ताठ केली. "मुळीच नाही!"

"तसं आसंल," ठकू शांतपणे म्हणाली. "म्हंजे महाराजांना आधीच ठावं हुतं, की संकट आलं तर परधानजी गाव देऊन टाकतील आन् सेनापती घोड्यांना पाणी पाजत बसतील. आन् हे ठावं असून महाराजांनी आमची गावं यांच्या हवाली केली! तसं असंल, तर आमी आजच सरहद्दीपार जातो. आमाला हितं ऱ्हायाचंच न्हाई!"

राजानं एकदा प्रधानजींकडे पाहिलं, एकदा सेनापतींकडे. मग त्याचं पोट हलायला लागलं, खांदे हलायला लागले आणि तो पटावरच लोळून हसू लागला.

"झालो! झालो थक्क! जन्मात झालो नव्हतो एवढा झालो!"

नामाला त्यानं दरबाराचा कायमचा सूत्रधार केलं. मग हातातलं सोन्याचं कडं काढलं आणि ते ठकूला द्यायला सेनापतींनाच पुढे बोलावलं. या खेपेला ते लगबगीनं पुढे आले.