देवामागचा दिवा

फार जुनी गोष्ट. गाडी पांढरी होती की करडी, नक्की आठवत नाही. तिची बॅटरी रोज सकाळी मेलेली असे, म्हणून बेंद्रेकाका ती बॅटरी भंगारात द्यायला निघाले होते.

“रात्री माझं रक्त कोण पितं?” बॅटरीने घाबरून विचारलं.

“आम्ही झोपतो, आजी. तुझंच वय झालं!” हॉर्न खिदळला.

डॅशबोर्डवरचा गणपती कुजबुजला, “अगं, माझ्यामागचा दिवा रात्रंदिवस तुझ्यावरच जळतो. मलाही झोप नाही. पण काका विझवतील?”

सकाळी काकांनी त्याच दिव्याला हात जोडले. “देवा, आज तरी सुरू कर!” गाडी ढिम्म. बॅटरी भंगारात गेली.

दोष बॅटरीचा नव्हताच, याची काही वर्षांनी खात्री झाली: भंगारवाल्याचा टेम्पो तिच्यावर पहिल्या किल्लीला सुरू होत होता, आणि नवी बॅटरी टिकावी म्हणून काकांनी देवामागे आणखी मोठा दिवा लावला होता.